फोरक्लोजरची नोटीस आणि एफबीआय : अमेरिकेत घर कोण वाचवते आणि चोर कोण पकडते

आपल्याकडे ‘लोन फोरक्लोज केले’ असे कुणी सांगितले की समोरचा माणूस अभिनंदन करतो, कारण कर्ज मुदतीआधी फेडून बँकेतून घराची मूळ कागदपत्रे सोडवून आणली, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेत हाच शब्द नेमक्या उलट प्रसंगी वापरतात. तिथे फोरक्लोजर म्हणजे हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्याने तारण ठेवलेले घर विकायला काढणे. न्यू जर्सीतल्या माझ्या एका परिचिताने घरी फोन करून ‘आई, घर फोरक्लोजरला गेले’ असे सांगितले, तेव्हा पुण्याहून उत्तर आले, ‘बरे झाले रे, सुटलास एकदाचा.’ आता तो हा किस्सा हसत सांगतो. त्या रात्री त्याला उलगडा करून सांगण्याचेही बळ नव्हते.

नोकरकपातीच्या बातम्या वाढल्या की तिथल्या मराठी घरांमधून एक प्रश्न हमखास विचारला जातो. कर्ज बदलून देतो म्हणून कुणी पैसे घेऊन पळाला आणि आपण एफबीआयला कळवले, तर लिलाव थांबतो का? उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तसे का आहे, आणि मग लिलाव थांबतो तरी कशाने, हे समजून घेण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

हप्ता मागणारा आणि पैशाचा मालक

अमेरिकेत गृहकर्ज देणारी संस्था ते कर्ज बहुधा स्वतःजवळ ठेवत नाही. ती ते पुढे विकते. त्यातली बरीच कर्जे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन मोठ्या संस्थांकडे जातात किंवा त्यांच्या हमीने गुंतवणूकदारांकडे पोहोचतात. दरमहा हप्ता घेणारी, विवरणपत्र पाठवणारी आणि थकबाकीसाठी फोन करणारी कंपनी तिसरीच असते. तिला सर्व्हिसर म्हणतात. गावोगावच्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट आठवावेत. पावतीपुस्तक एजंटाच्या हातात असते आणि रोजची ओळखही त्याच्याशीच असते, पण पैसा पतसंस्थेचा असतो आणि व्याजात सूट द्यायची की नाही, हे ठरवणे त्याच्या हातात नसते. सर्व्हिसरचे तसेच आहे. सवलतीचे नियम कर्जाचा मालक किंवा हमी देणारी सरकारी संस्था ठरवते, आणि सर्व्हिसर ते लागू करतो. म्हणून फोनवरच्या माणसावर चिडण्याआधी आपले कर्ज कुणाच्या मालकीचे आहे, हे त्याला लेखी विचारावे. मिळणारी सवलत बरीचशी त्या उत्तरावर अवलंबून असते.

फोरक्लोजरची पद्धत राज्यागणिक बदलते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, फ्लॉरिडा या राज्यांत कर्ज देणाऱ्याला न्यायालयात दावा लावून हुकूम मिळवावा लागतो आणि त्यात अनेकदा वर्षाहून अधिक काळ जातो. टेक्सास, जॉर्जिया, कॅलिफोर्निया येथे करारातच विक्रीचा अधिकार लिहिलेला असल्याने बहुतेक घरे न्यायालयाचे तोंड न पाहता विकली जातात. टेक्सासमध्ये लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो आणि त्याची सूचना निदान २१ दिवस आधी द्यावी लागते. टेक्सासच्या डॅलसमधल्या भावाचा अनुभव न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या बहिणीच्या उपयोगी पडत नाही, तो यामुळे.

एकशे वीस दिवस

राज्यांचे कायदे वेगवेगळे असले तरी त्या सर्वांवर केंद्र सरकारच्या नियमांचे एक छप्पर आहे. ते २०१४ च्या जानेवारीपासून लागू आहे आणि ज्या घरात कर्जदार स्वतः राहतो, त्या घरापुरते आहे. त्यातला पहिला नियम असा की कर्ज १२० दिवसांहून अधिक थकल्याखेरीज सर्व्हिसरला फोरक्लोजरची पहिली कायदेशीर नोटीस देता येत नाही आणि दावाही लावता येत नाही. या काळात सर्व्हिसरने गप्प बसायचे, असे मात्र नाही. ३६ व्या दिवसापर्यंत त्याने कर्जदाराशी प्रत्यक्ष बोलण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि ४५ व्या दिवसापर्यंत कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत, हे लेखी कळवायचे असते. आपल्याकडे वसुलीचा फोन आला की तो न उचलण्याची सवय असते. अमेरिकेत ती सवय महागात पडते, कारण त्याच फोनवर सवलतीच्या अर्जाची माहिती मिळायची असते.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. लिलावाच्या तारखेला ३७ दिवसांहून अधिक अवधी असताना कर्जदाराचा सवलतीचा अर्ज पूर्ण अवस्थेत सर्व्हिसरकडे पोहोचला, तर त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सर्व्हिसरला विक्रीचा हुकूम मागता येत नाही आणि लिलावही करता येत नाही. हाच अर्ज पहिल्या १२० दिवसांत पूर्ण झाला, तर पहिली नोटीसही निघू शकत नाही. असा अर्ज आल्यावर सर्व्हिसरने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. अर्ज लिलावाच्या ९० दिवस किंवा त्याहून आधी पूर्ण झाला असेल आणि हप्ते बदलून देण्याची मागणी नाकारली गेली, तर अपिलासाठी १४ दिवस मिळतात. अगदी लहान सर्व्हिसरांना यातल्या बऱ्याच नियमांतून सूट आहे, पण १२० दिवसांची अट त्यांनाही पाळावी लागते.

येथे ‘पूर्ण’ हा शब्द कळीचा आहे. दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. एक कागद कमी असला की अर्ज आला असे धरत नाहीत. पगाराच्या अलीकडच्या पावत्या किंवा बेकारीभत्त्याचे पत्र, बँकेची विवरणपत्रे, प्राप्तिकराचे विवरण आणि अडचण कशामुळे आली हे सांगणारे सहीचे पत्र असे साधारण कागद मागतात. काय कमी आहे, हे सर्व्हिसरने कामाच्या ५ दिवसांत लेखी कळवायचे असते, मात्र त्यासाठी लिलावाला निदान ४५ दिवस बाकी असावे लागतात. माझ्या परिचिताच्या अर्जात २ पानी बँक विवरणपत्राचे दुसरे पान नव्हते. ते कोरे होते म्हणून त्याने पाठवलेच नाही. पानाच्या तळाशी ‘२ पैकी १’ असे छापलेले असल्याने कारकुनाच्या लेखी अर्ज अपुराच राहिला. कोरे पान फॅक्स होऊन त्याची पोच मिळेपर्यंत ११ दिवस गेले.

या नियमाने सर्व्हिसरवर सक्ती होते ती अर्जाचा विचार करण्याची. सवलत दिलीच पाहिजे, असे तो म्हणत नाही. शिवाय हे संरक्षण एका थकबाकीत एकदाच मिळते. मधल्या काळात सगळी थकबाकी भरून कर्ज नियमित झाले, तरच ते पुन्हा मागता येते.

घर वाचते ते कोणत्या मार्गाने

अडचण तात्पुरती असेल, म्हणजे नोकरी गेली पण दुसरी दृष्टिपथात आहे, तर काही महिने हप्ते थांबवण्याची किंवा कमी भरण्याची मुभा मिळू शकते. तिला फॉरबेअरन्स म्हणतात. ही माफी नसते. थांबवलेली रक्कम पुढे द्यावीच लागते, आणि ती कशी द्यायची हे सुरुवातीलाच लेखी घेतले नाही तर मुदत संपताच सगळी एकदम मागितली जाऊ शकते. पगार पुन्हा सुरू झाला असेल तर थकलेली रक्कम पुढच्या हप्त्यांवर थोडी थोडी चढवून देतात, किंवा ती कर्जाच्या अगदी शेवटी नेऊन ठेवतात. केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाच्या, म्हणजे एफएचएच्या, हमीच्या कर्जांत थकबाकीचा भाग बिनव्याजी दुय्यम कर्ज म्हणून बाजूला काढण्याची सोय आहे आणि ते घर विकताना किंवा मूळ कर्ज फिटताना परत करायचे असते. उत्पन्न कायमचे घटले असेल तर मुदत वाढवून किंवा व्याजदर बदलून हप्ताच कमी करून मागावा लागतो. त्याला लोन मॉडिफिकेशन म्हणतात.

यातले काहीच जमत नसेल आणि घराची बाजारातली किंमत कर्जापेक्षा जास्त असेल, तर स्वतः घर विकणे हा उत्तम मार्ग आहे, हे कटू असले तरी स्पष्ट सांगितले पाहिजे. लिलावात भाव पडतो, वर वकिलाचा खर्चही आपल्याच खात्यावर पडतो, आणि फोरक्लोजरची नोंद पतअहवालात ७ वर्षे राहते.

दिवाळखोरी हा शब्द मराठी कानाला फार बोचतो. तरीही दिवाळखोरी कायद्याच्या १३ व्या प्रकरणाखाली अर्ज दाखल होताच सर्वसाधारणपणे लिलावाला आपोआप स्थगिती मिळते आणि थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडण्याची योजना न्यायालयापुढे मांडता येते. हे पाऊल मात्र परवानाधारक वकिलाला विचारूनच उचलावे. अर्ज करून तो वाऱ्यावर सोडला तर पुढच्या खेपेला ही स्थगिती थोड्याच दिवसांची ठरते किंवा मिळतही नाही.

या सर्व कामांत मदत करणारे, केंद्रीय गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, मान्यता दिलेले सल्लागार देशभर आहेत आणि फोरक्लोजर टाळण्याच्या सल्ल्यासाठी ते पैसे घेत नाहीत. जवळचा सल्लागार ८००-५६९-४२८७ या क्रमांकावर कळतो. अर्जातले ‘२ पैकी २’ हे पान राहिले आहे, हे माझ्या परिचिताला अशाच एका सल्लागार बाईंनी दाखवून दिले. मात्र तो त्यांच्यापर्यंत पोहोचला तोवर एक वेगळीच घटना घडून गेली होती.

पोस्टकार्ड आणि ‘आपला माणूस’

न्यू जर्सीत फोरक्लोजरचा दावा लागला की त्याची नोंद काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात होते आणि ते दप्तर कुणालाही पाहता येते. त्या नोंदींतून नावे आणि पत्ते उचलणाऱ्यांचा एक धंदाच आहे. दावा लागल्यावर आठवड्याभरात पेटीत पिवळसर पोस्टकार्डे पडू लागतात. त्यावर पंख पसरलेला गरुड, ‘अंतिम सूचना’ असा ठळक मजकूर, केस क्रमांक आणि कर्जाची बिनचूक रक्कम असते. आमचा कोणत्याही सरकारी खात्याशी संबंध नाही, हे वाक्यही असते, पण ते वाचायला भिंग लागेल.

माझ्या परिचिताच्या घरी पोस्टकार्डाच्या पाठोपाठ फोन आला तो चक्क मराठीत. ‘वहिनी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. दादांना सांगा, बँकेचा फोन आला तर उचलायचा नाही, नाहीतर सगळं बिघडेल. आपलाच माणूस आहे मी, बँकेत ओळखी आहेत. फक्त साडेतीन हजार डॉलर आधी पाठवा, फाइल उघडायला लागतात.’ वहिनींनी पाठवले. त्या माणसाने पुढे तीन महिने ‘फाइल वर गेली आहे’ असे सांगितले आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला.

त्याच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी केंद्रीय नियमांनी सरळसरळ मना केलेल्या आहेत. कर्ज बदलून देण्याचे काम घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्याकडून लेखी देकार आणून दाखवल्याशिवाय आणि ग्राहकाने तो मान्य केल्याशिवाय एक डॉलरही घेता येत नाही. फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या केंद्रीय आयोगाने, हा नियम २०१० मध्ये केला आणि आगाऊ पैसे घेण्यावरची बंदी ३१ जानेवारी २०११ पासून अमलात आली. बँकेशी बोलू नका, असे ग्राहकाला सांगणे हाही त्याच नियमाचा भंग आहे. त्या राज्याचा परवाना असलेल्या वकिलांना काही अटींवर यातून सूट आहे, पण त्यांनीही आगाऊ रक्कम अशिलाच्या विश्वस्त खात्यात ठेवायची असते. म्हणून ‘आमच्याकडे वकील आहेत’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. वकिलाचे नाव विचारावे आणि त्याचा परवाना राज्याच्या नोंदीत पाहावा.

यापेक्षाही घातक प्रकार खरेदीखताचा असतो. घर तूर्त आमच्या नावावर करा, भाडेकरू म्हणून राहा, पत सुधारली की परत विकत घ्या, असे गोड बोलून सही घेतात. घर नावावरून जाते, कर्ज मात्र आपल्याच नावावर राहते. कधी घराचा एखादा अंश तिसऱ्याच दिवाळखोराच्या नावे लिहून देतात, जेणेकरून त्याच्या अर्जामुळे लिलाव काही दिवस पुढे ढकलला जावा. तेवढ्या दिवसांचे शुल्क घरमालकाकडून उकळतात, आणि न्यायालयाला उत्तरे देण्याची वेळही घरमालकावरच येते.

साडेतीन हजार डॉलर गेले याचे वाईट वाटते, पण माझ्या मते त्या माणसाने केलेली खरी चोरी तीन महिन्यांची होती. वरच्या सर्व नियमांतले संरक्षण तारखांना बांधलेले आहे. त्या तारखा तो फोनवर गोड बोलत असताना निघून गेल्या.

मग एफबीआय कुठे येते?

एफबीआय ही १९०८ मध्ये सुरू झालेली केंद्रीय तपाससंस्था अमेरिकेच्या न्याय खात्याचा भाग आहे. समजायला सोपे म्हणून तिला सीबीआयची चुलत बहीण म्हणता येईल, पण एक फरक ध्यानात ठेवावा. सीबीआयला राज्यात तपास करण्यासाठी सर्वसाधारणपणे त्या राज्याची संमती लागते, आणि महाराष्ट्राने ती २०२० मध्ये काढून घेऊन २०२२ मध्ये परत दिल्याचे वाचकांना आठवत असेल. एफबीआयला केंद्रीय गुन्ह्यांच्या तपासासाठी अशी संमती लागत नाही. फोन, ईमेल किंवा बँकेची तारप्रणाली वापरून राज्याबाहेरच्या कुणाला फसवले की तो केंद्रीय गुन्हा होतो. त्याला २० वर्षांपर्यंत, आणि वित्तसंस्थेवर परिणाम झाला असल्यास ३० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हप्ते थकणे हा मात्र गुन्हाच नाही. तो करारभंग आहे आणि त्याच्याशी एफबीआयचा काही संबंध येत नाही. घर रिकामे करून घ्यायला येतात ते बहुतेक ठिकाणी काउंटीच्या शेरीफचे, म्हणजे तिथल्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याचे, किंवा कॉन्स्टेबलचे लोक.

२००८ च्या आर्थिक अरिष्टापर्यंत एक विचित्र फट होती. बँकेला फसवण्याविरुद्धचे कडक कायदे ‘वित्तसंस्था’ या शब्दावर उभे होते आणि त्या शब्दाच्या व्याख्येत बँका होत्या, पण बाजारातली पुष्कळ कर्जे वाटणाऱ्या खासगी मॉर्गेज, म्हणजे गृहकर्जाच्या, कंपन्या नव्हत्या. मे २००९ मध्ये झालेल्या कायद्याने त्या कंपन्यांना व्याख्येत घेतले आणि तपासाचे क्षेत्र रुंदावले. पुढच्या काळात एफबीआयने घरमालकांना गंडवणाऱ्यांचा माग काढला, तसा लिलावात संगनमत करणाऱ्यांचाही काढला. उत्तर कॅलिफोर्नियात जप्त घरांच्या जाहीर लिलावाला येणारे खरेदीदार आपापसांत ठरवून बोली चढवत नसत आणि नंतर खासगीत दुसरा लिलाव करून नफा वाटून घेत. अशा प्रकरणांत कित्येक डझन लोकांनी गुन्हा कबूल केला. बोली पडल्याचे नुकसान घर गमावलेल्या माणसाचेही होते, कारण कर्ज फिटून वर उरणारी रक्कम त्याची असते.

तरीही एफबीआयच्या कामाचा क्रम पाहावा. आधी गुन्हा घडतो. मग तक्रारी जमतात आणि त्यातून एकाच टोळीची खूण दिसते. त्यानंतर कागद मागवले जातात, आणि खटला भरायचा की नाही हे एफबीआय नव्हे तर सरकारी वकील ठरवतात. याला काही वर्षे लागतात. आग लागल्यावर अग्निशमन दलाला बोलवायचे असते. पंचनामा करणारा पोलीस हवाच, पण त्याच्या गाडीत पाण्याची टाकी नसते.

मोठे आकडे कसे वाचावेत

सरकारी तपासयंत्रणेच्या जाहिराती पाहून आपले काम झाले असे समजू नये, यासाठी एक खरी गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्याय खात्याने अडचणीतल्या घरमालकांसाठी एफबीआयच्या पुढाकाराने वर्षभर चाललेल्या मोहिमेचे आकडे जाहीर केले. फौजदारी आरोपी ५३०, फसवले गेलेले घरमालक ७३,००० हून अधिक आणि नुकसान १ अब्ज डॉलरच्या वर. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच खात्याने आकडे दुरुस्त केले. मोहिमेत खरोखर बसणारे आरोपी १०७ होते, बाधित घरमालक १७,१८५ आणि नुकसान ९.५ कोटी डॉलर. मधले दहा महिने जुनेच आकडे सांगितले जात होते. मार्च २०१४ मध्ये न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी अहवालात या प्रकारावर ताशेरे ओढले, आणि अमेरिकी संसदेने ज्यादा निधी देऊनही एफबीआयच्या गुन्हे विभागाने मॉर्गेज फसवणुकीला आपल्या यादीत अगदी तळाचे स्थान दिले होते, हेही नोंदवले.

यावरून एफबीआय निरुपयोगी ठरत नाही. १०७ आरोपी हे खरेच १०७ आरोपी आहेत. शिवाय सरकारी खात्याची चूक सरकारच्याच लेखापरीक्षकाने चव्हाट्यावर मांडावी, याचे मला अप्रूप वाटते. पण हजारो तक्रारींतून निवडक प्रकरणांचाच तपास होतो, आणि आपले प्रकरण त्यात असेलच असे गृहीत धरून कुणी बसू नये.

‘मग तक्रार कशाला करायची?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. एफबीआयचे इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र २००० पासून चालू आहे. ते आयसी-थ्री या नावाने ओळखले जाते. तिथली एकटी तक्रार क्षुल्लक वाटते, पण तोच फोन क्रमांक किंवा तेच खाते चाळीस तक्रारींत आले की टोळी दिसू लागते. पैसे नुकतेच गेले असतील तर तास मोजावे लागतात. आधी स्वतःच्या बँकेला फोन करून व्यवहार परत मागवायचा आणि लगेच आयसी-थ्रीवर नोंद करायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्कम गोठवली जाण्याची काही शक्यता असते, नंतर ती झपाट्याने घटते. पुढे शिक्षा झालीच तर १९९६ च्या कायद्यानुसार अशा प्रकरणांत न्यायालय भरपाईचा आदेश देते, पण भामट्याने पैसे उडवलेले असल्यास त्या आदेशातून हाती फार थोडे लागते. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य विधी अधिकाऱ्याकडे, आणि फेडरल ट्रेड कमिशनकडेही तक्रार करावी.

या वाटेवरही चोर बसले आहेत, म्हणून सावध राहावे. आयसी-थ्रीचे अधिकारी असल्याचे भासवून, तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो असे सांगणाऱ्यांबद्दल खुद्द एफबीआयने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला. ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या वाचलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकांना ही तऱ्हा नवी नाही. एफबीआय फोन करून पैसे मागत नाही, गिफ्ट कार्ड मागत नाही, आणि बुडालेले पैसे परत देण्यासाठी शुल्क लावत नाही.

‘आणि चूक सर्व्हिसरचीच असेल तर?’

तसे घडते, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. कागद न वाचता शेकड्यांनी प्रतिज्ञापत्रांवर सह्या ठोकण्याचा प्रकार २०१० मध्ये उघडकीला आला आणि २०१२ मध्ये पाच मोठ्या सर्व्हिसरांनी केंद्र सरकार व ४९ राज्ये यांच्याशी सुमारे २५ अब्ज डॉलरचा समझोता केला. आपल्या खात्यातली चूक त्या मानाने लहान असते. भरलेला हप्ता जमा दिसत नाही, विम्याचे पैसे दुप्पट लावले आहेत, किंवा अर्धवट भरलेली रक्कम वेगळ्या खात्यात पडून राहिली आहे, अशा स्वरूपाची. अशा वेळी एफबीआयकडे जाण्यात अर्थ नाही. सर्व्हिसरला चूक दाखवणारे लेखी पत्र पाठवावे. त्यासाठी हप्त्याच्या पत्त्याहून वेगळा पत्ता ठरवलेला असू शकतो आणि तो विवरणपत्रावर सापडतो. कामाच्या ५ दिवसांत पोच आणि बहुतेक चुकांबाबत कामाच्या ३० दिवसांत उत्तर देणे सर्व्हिसरला बंधनकारक आहे. केंद्राच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेकडेही तक्रार नोंदवता येते. या संस्थेच्या मनुष्यबळावरून २०२५ पासून वाद आणि न्यायालयीन लढे चालू आहेत, म्हणून राज्याकडेही एक प्रत देऊन ठेवणे शहाणपणाचे.

व्हिसाचे साठ दिवस

एच-१बी व्हिसावर असलेल्यांची अडचण दुहेरी असते. नोकरी सुटल्यावर नवा अर्ज होण्यासाठी त्यांना साधारणतः ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळते, म्हणजे फोरक्लोजरचे १२० दिवस पुरे होण्याच्या कितीतरी आधी देश सोडण्याचा प्रश्न दाराशी येतो. ‘किल्ल्या टपालाने पाठवून देऊ आणि पुण्याला जाऊ’ असा विचार अशा वेळी मनात येतो. तसे करू नये, याचे कारण कायद्यातच आहे. वर सांगितलेली १२० आणि ३७ दिवसांची केंद्रीय संरक्षणे कर्जदाराच्या राहत्या घरापुरती आहेत. काही काळ घर बंद आहे आणि परत येण्याचा इरादा आहे, एवढ्याने ते राहते घर असणे संपत नाही, पण कायमचे सोडल्यावर तसे म्हणणे अवघड जाते. घर सोडल्याने कर्जही सुटत नाही. लिलावातून कर्ज पूर्ण फिटले नाही तर उरलेल्या रकमेसाठी अनेक राज्यांत दावा लागू शकतो, आणि कर्जाचा भाग माफ झाला तर ती माफी करपात्र उत्पन्नही धरली जाऊ शकते. जायचेच असेल तर विश्वासू माणसाला विक्रीपुरते, त्या राज्याच्या नमुन्यातले मुखत्यारपत्र देऊन आणि सर्व्हिसरला नवा पत्ता लेखी कळवून जावे. नोटिसा जुन्या पत्त्यावर पडून राहणे, हे आपल्या लोकांची घरे जाण्याचे एक अगदी साधे कारण आहे.

लिलाव ठरल्यावर, आणि झाल्यावरही

माझ्या परिचिताच्या घराच्या शेरीफ सेलची, म्हणजे शेरीफ करतो त्या लिलावाची, तारीख लागली होती. न्यू जर्सीच्या कायद्यात कर्जदाराला स्वतः अर्ज करून ही तारीख दोन वेळा, प्रत्येकी ३० दिवसांपर्यंत, पुढे ढकलून घेता येते. सल्लागार बाईंनी त्याला काउंटीच्या शेरीफ कचेरीत नेऊन दोन्ही खेपा वापरायला लावल्या. पहिली मुदतवाढ पडली तेव्हा नव्या तारखेला ३७ दिवसांहून कमी दिवस उरले होते, म्हणून सर्व्हिसरवर थांबण्याची सक्ती नव्हती. तरी अर्ज पाठवला. दुसऱ्या मुदतवाढीत हप्ता कमी होणार नाही असे उत्तर आले, आणि त्याने राहिलेल्या दिवसांत घर स्वतः विकले. कर्ज फिटून हाती थोडी रक्कम आली. ते कुटुंब आता त्याच गावात भाड्याने राहते आणि मुलीची शाळा बदलावी लागली नाही.

ज्यांचे घर लिलावातच जाते, त्यांनी टपाल पाहणे तेव्हाही थांबवू नये. सर्व देणी वजा जाऊन पैसे उरले तर ते जुन्या मालकाचे असतात, आणि न्यू जर्सीत ते न्यायालयात जमा होतात. मालमत्ता कर थकल्याने घर घेतले तरी करापेक्षा जास्त आलेली रक्कम सरकारला गिळता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मिनेसोटातल्या एका खटल्यात एकमताने सांगितले. हे पैसे न्यायालयाच्या लिपिकाकडे अर्ज करून मागता येतात. लिलावानंतर काही आठवड्यांनी, ती रक्कम ‘शोधून देण्यासाठी’ तिसरा हिस्सा मागणारी पत्रे येऊ लागतात. त्यातल्या एकाचे पाकीट मी पाहिले आहे. पिवळसर होते, आणि कोपऱ्यात तोच पंख पसरलेला गरुड होता.